दप्तरातले पूर्वज : लासलगावच्या एका घराण्याचे कागद कुठे सापडतील?

१/
सरकारी दप्तरातला कोणताही कागद कुणाच्या नातवंडांनी वाचावा म्हणून लिहिला गेलेला नाही. सारा किती बसवायचा, वतन कुणाचे, इनाम खरे की खोटे, फौजेला दाणावैरण किती लागली, एवढे ठरवण्यासाठी कारकुनांनी ते कागद लिहिले. आज त्याच कागदांची प्रदर्शने पुराभिलेखागारांत भरतात, मोडी लिपीचे वर्ग चालतात आणि तेथे आलेला माणूस हमखास एक प्रश्न विचारतो : आमच्या घराण्याचे काही सापडेल का?
या प्रश्नाचे उत्तर कसे शोधायचे, याविषयी हा धागा.

२/
उदाहरण म्हणून लासलगाव घेऊ. नाशिक जिल्हा, निफाड तालुका. १८६० च्या दशकात या भागातून रेल्वे गेली, १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली आणि कांद्याची पेठ म्हणून गावाचे नाव देशभर झाले. गाव मात्र कांद्याच्या कीर्तीहून पुष्कळ जुने आहे. गावात होळकरकालीन म्हणून ओळखला जाणारा भुईकोट आहे. जवळच विंचूर, म्हणजे पानिपतच्या संग्रामातून परतलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्याचे ठाणे. उत्तरेस होळकरांचे चांदवड.
अशा गावात सहा-सात पिढ्या राहिलेल्या एखाद्या शेतकरी घराण्याचे कागद आज कुठे असतील?

३/
शोधाची सुरुवात पेशवाईपासून करू नये. ती घरापासून करावी आणि ज्ञात माणसाकडून अज्ञाताकडे एकेक पिढी मागे जावे. सातबारा उतारा आणि फेरफार नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला जुनी माणसे कोतवाल बुक म्हणतात, हे पहिले कागद. फेरफारातील वारसनोंद विशेष मोलाची. खातेदार मयत झाल्यावर त्याचे मुलगे, मुली व विधवा यांची नावे तेथे एकत्र येतात. वंशावळीच्या दोन पिढ्या एका नोंदीत हाती लागतात.

४/
यामागची पायरी भूमापनाची. कॅप्टन विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या नावाने ओळखली जाणारी मोजणी व साराबंदी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापुरात प्रथम लागू झाली आणि तेथून ती मुंबई इलाख्यात पसरली. आज सातबाऱ्यावर दिसणारा सर्वे नंबर किंवा गट नंबर या मोजणीचा वंशज आहे. मोजणीच्या वेळी शेत कुणाच्या नावे होते, हे भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या पत्रकांतून कळू शकते. येथपर्यंतचा प्रवास बहुधा तालुक्याच्या गावी होतो. पुढे रस्ता फुटतो, आणि बहुतेक शोध येथेच थांबतात.

५/
थांबण्याचे एक साधे कारण नकाशा. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्यापूर्वी आजच्या जिल्ह्याचा बराच भाग अहमदनगर जिल्ह्यात होता, तर मालेगाव-बागलाणकडचा भाग खानदेशात. १८५० सालचा कागद ‘नाशिक’ या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि ‘आमचे काहीच नाही’ असा निष्कर्ष काढतो. कागद असतो. तो अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बस्त्यात असतो.

६/
पुराभिलेखशास्त्राचा पाया याच तत्त्वावर उभा आहे. १८४१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने एक परिपत्रक काढून ठरवले की कागद विषयवार वा गाववार फोडायचे नाहीत. ज्या कार्यालयाने ते निर्माण केले, त्याच्या नावाने ते एकत्र ठेवायचे. पुढे हे तत्त्व जगभर मान्य झाले. कुटुंबाच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्यास त्याचा अर्थ असा : आपल्या पूर्वजाचे नाव शोधण्याआधी त्याच्यावर कोणाची सत्ता होती, ते शोधावे. सारा कोणी घेतला, हे कळले की कागद कोणाकडे, हे कळते.

७/
लासलगावच्या परिसरात हा प्रश्न १८१८ पूर्वी अधिक गुंतागुंतीचा होतो. एक गाव पेशव्यांच्या खालशातले, दुसरे सरदाराच्या सरंजामातले, तिसरे इनाम. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि दक्षिणेतील त्यांचा मुलूख कंपनीकडे गेला. त्यामुळे चांदवडच्या बाजूचे गाव असेल तर होळकरशाहीच्या कागदांचाही माग काढावा लागतो. विंचूरकरांच्या सरंजामातील गावासाठी त्या घराण्याचे हिशेब महत्त्वाचे ठरतात. शेजारशेजारची दोन गावे दोन वेगळ्या दप्तरांत सापडणे, ही येथे नवलाची गोष्ट नाही.

८/
यांतील सर्वांत मोठे दप्तर पुण्यात आहे. पेशवाईच्या अस्तानंतर कंपनीने पेशव्यांचे कागद ताब्यात घेतले. पुढे इनाम कमिशन आले, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला अधिकार दिले. जमिनीचे इनाम कोणत्या आधाराने उपभोगता, ते दाखवा, अशी मागणी इनामदारांकडे झाली. ज्याला पुरावा देता आला नाही, त्याची जमीन खालसा होण्याची धास्ती. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांतून कागद मागवले गेले. पुणे पुराभिलेखागारातील ‘जमाव’ या विभागात अशा जमवलेल्या कागदांचा मोठा साठा आहे.

९/
म्हणजे इनामे तपासून कमी करण्यासाठी निघालेल्या कमिशनने गावोगावच्या पेट्यांतले कागद एका छताखाली आणून ठेवले. घरी राहिलेले कागद वाळवीने, पुराने, आगीने आणि वाटण्यांच्या भांडणात नष्ट झाले. सरकारात गेलेले रुमालात बांधलेले राहिले. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधून ठेवण्याचे चौकोनी कापड. पुण्यात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांतील कागदांची संख्या कोटींत मोजली जाते. ज्यांची इनामे गेली, त्यांच्या वंशजांना आज आपल्या घराचा पुरावा तेथेच मिळतो.

१०/
मात्र हे दप्तर दीर्घकाळ अभ्यासकांना बंद होते. जुन्या कागदांतून नवे हक्क उभे राहतील, ही सरकारला भीती. ते दार किलकिले करणाऱ्यांत निफाडचाच एक सुपुत्र होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून उतारे निवडले होते. १९०० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, रानडे यांनी या रोजनिशींवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचला. लढायांच्या बखरींत न दिसणारा लोकांचा व्यवहार, न्याय, कर आणि समाज या नोंदींत दिसतो, हे त्यांचे म्हणणे होते.

११/
दुसरी वाट इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची. सरकारी दार उघडण्याची वाट न पाहता ते घरोघर गेले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. निवड अर्थातच राजकारण, मोहिमा व दरबार यांच्या अंगाने झाली. लासलगावच्या रयतेचे नाव या खंडांत शोधणे बहुधा व्यर्थ. ते असलेच तर न छापलेल्या हिशेबांत असेल.

१२/
मुंबईचे पुराभिलेखागार १८२१ मध्ये सुरू झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आजही महसूल, न्याय, राजकीय अशा खात्यांच्या इंग्रजी दप्तरांचा मोठा साठा आहे. १८१८ नंतरच्या लासलगावविषयी कलेक्टर, मामलेदार किंवा अर्जदार यांचा सरकारशी झालेला पत्रव्यवहार या शाखेत शोधावा लागतो. ‘महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५’ या कायद्याने राज्यातील सरकारी अभिलेखांच्या जतनाला आज कायद्याचा आधार आहे. ज्या दारापुढे रानड्यांच्या पिढीला थांबावे लागले, तेथे आता ओळखपत्र आणि अर्ज घेऊन विद्यार्थी जाऊ शकतो.

१३/
दार उघडले, तरी सामान्य माणूस आत येत नाही, कारण आत काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. प्रदर्शनांचे काम येथे सुरू होते. दरवर्षी ९ जूनला आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन पाळला जातो आणि एरवीही वेळोवेळी निवडक कागद काचेखाली मांडले जातात. राजमुद्रा, तहनामे आणि नकाशांपुढे गर्दी होते, ते स्वाभाविकच. पण आपल्या घराचा इतिहास हवा असलेल्याने शेजारचा नीरस हिशेब पाहावा. वर मौजा व परगण्याचे नाव, खाली नावांची ओळ, प्रत्येकापुढे रुपये-आणे, शेवटी ‘मोर्तब सुद’. नांगरामागच्या माणसाचे नाव दप्तरात येते ते अशाच पानावर.

१४/
ते पान वाचण्याची किल्ली म्हणजे मोडी. लेखणी फार न उचलता, आधी आखलेल्या शिरोरेषेखाली सलग लिहिण्याची ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही, दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. १९५० च्या सुमारास ती शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे पत्र नातवाला परके झाले. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग चालवते. काही दिवसांच्या वर्गात अक्षरे ओळखता येतात. कागद वाचता येण्यास महिने लागतात, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा आणि शब्द अर्धे फारसी. घराण्याच्या इतिहासाची खरी कार्यशाळा आपल्याकडे आजही मोडीचा हा वर्गच आहे.

१५/
अक्षरे जुळली की नावांची अडचण येते. आजची आडनावे जुन्या कागदांत अनेकदा नसतात. माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने व गावाने. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमुकाची बायको. एकच आडनाव असलेली दोन घराणी एका गावात असू शकतात आणि एका घराण्याच्या दोन शाखा पाटीलकीवरून वा धंद्यावरून दोन आडनावे लावू शकतात. म्हणून केवळ आडनाव जुळले म्हणून पूर्वज सापडला, असे मानणे धोक्याचे. नाव, बापाचे नाव, गाव आणि काळ या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

१६/
काळ जुळवणे हेही एक शास्त्र. पेशवाईतील कागदांवर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो, एकं आधी, हजार शेवटी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येते. वर्ष मृगाच्या सुमारास बदलत असल्याने महिना पाहून यांतील आकडा ठरतो. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचे वर्ष. हा हिशेब चुकला तर बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते.

१७/
नाशिककडील शोधकाला आणखी एक साधन लाभले आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या. यात्रेला आलेला माणूस आपले, वाडवडिलांचे, भावांचे व मुलांचे नाव त्यांत लिहून जाई आणि पुढच्या पिढीतला कुणी आला की त्याच नोंदीखाली भर पडे. येथे उद्देशच वंशपरंपरा टिकवण्याचा, म्हणून सरकारी कागदात न मिळणारे नाते या वहीत मिळते. तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. जे यात्रेला जाऊ शकले नाहीत किंवा ज्यांना त्या विधींपासून दूर ठेवले गेले, ते तिच्यात नाहीत. वही आणि सरकारी कागद एकमेकांशी ताडून पाहावेत.

१८/
हे सारे हौशी लोकांचे काम, असा समज अलीकडेपर्यंत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची रजिस्टरे, महसुली पत्रके बाहेर निघाली आणि मोडी वाचकांची कमतरता साऱ्या राज्याला जाणवली. आरक्षणाच्या वादात कोणाचीही भूमिका काहीही असो, एक गोष्ट या काळात सर्वांनी पाहिली : शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका कारकुनाने लिहिलेला एक शब्द आज एखाद्या मुलाच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न बनू शकतो. म्हणूनच कागद खाडाखोडीविना राहणे आणि त्याचे वाचन निःपक्ष असणे अत्यावश्यक आहे.

१९/
सर्वच घरांना पूर्वजाची नोंद अभिमानाची वाटेल असे नाही. महार वतनाचे कागद एका हाताने हक्काचा पुरावा देतात आणि दुसऱ्या हाताने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीची साक्ष देतात. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वतन कायद्यात सुधारणेचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा त्यांनी जेथे केली, ते येवले लासलगावपासून फार दूर नाही. ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना डांबले, त्यांपैकी कित्येकांची एकमेव लेखी नोंद पोलिसांच्या वहीत असेल. घराण्याचा इतिहास मागणाऱ्याने असा कागद वाचण्याचीही तयारी ठेवावी.

२०/
अपमानाच्या कागदातून आपुलकीचा इतिहास उभा राहू शकतो, याचे उदाहरण मॉरिशसमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून तेथे गेलेल्यांत मराठी माणसेही होती. मळेवाल्यांना मजुरांवर ताबा ठेवता यावा म्हणून प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव व अंगावरची खूण नोंदवली गेली, पुढे छायाचित्रेही घेतली गेली. आज ही नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. वंशज तेथे येतात, पूर्वजाची नोंद शोधून घेतात आणि त्यातील गावाच्या नावावरून भारतातले मूळ धुंडाळतात. कागद तोच, त्याचा धनी बदलला.

२१/
घरातच जुने कागद असतील, तर काही पथ्ये. त्यांना लॅमिनेशन करू नये, कारण ते उलटवता येत नाही आणि कागद आतून खराब होतो. चिकटपट्टी, टाचणी व शाई टाळावी. घड्या बळेच उलगडू नयेत. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, कारण पाठीवरची दोन ओळींची नोंद पुष्कळदा मुख्य मजकुराइतकीच महत्त्वाची असते. कागद ज्या क्रमाने बांधलेले सापडले, तो क्रम मोडू नये. आणि वाचता येत नाही म्हणून रद्दीत तर मुळीच देऊ नयेत.

२२/
शेवटी, कोणत्याही पुराभिलेखागारात न मिळणारी एक गोष्ट. दप्तरात बाई ‘कोम’ म्हणून येते. तिच्या नवऱ्याचे नाव असते, तिच्या बापाचे नाव क्वचित, आणि ती कोणत्या गावची, हे बहुधा नसतेच. म्हणजे लासलगावच्या त्या घराण्याचे निम्मे पूर्वज येवल्याच्या, सिन्नरच्या किंवा चांदवडच्या एखाद्या गावच्या कागदांत आहेत आणि तेथवर नेणारा दुवा फक्त घरातल्या वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. रुमाल अजून पन्नास वर्षे टिकतील. आजीला मात्र आजच विचारावे : तिचे माहेर कोणते, तिच्या आईचे कोणते, आणि सासूचे कोणते. उत्तर तारखेसह वहीत लिहावे. लासलगावच्या त्या घराण्याचा शोध या पानापासून सुरू होईल.